दोन खोल्यांचं गणित

हायडेलबर्ग, सोमवार १५ सप्टेंबर १९५८

मला नोकरी लागली! सकाळी उठले तेव्हा मी गृहिणी होते आणि दुपारच्या चहापर्यंत गणक झाले. अजून धक्क्यातच आहे.

झालं असं, की ह्यांचा डबा खोलीवरच राहिला, म्हणून मी तो घेऊन ह्यांच्या खगोल संस्थेत गेले. तिथे गणकखोलीच्या प्रमुख भेटल्या, फ्राऊ डॉक्टर लिंडनर. उंच, वाळक्या, आणि बोलणं असं की समोरचा माणूस आपोआप ताठ उभा राहतो. त्यांनी विचारलं, दिवसभर काय करता? मी म्हटलं, स्वयंपाक आणि जर्मनचा वर्ग. त्याआधी काय करत होता? पुण्याला बी.एस्सी., गणित. बस्स! त्यांनी मला खुर्चीत बसवलं, हाताने फिरवायचं गणकयंत्र पुढ्यात ठेवलं आणि आकड्यांनी भरलेला एक कागद दिला. अर्ध्या तासाने तो तपासून म्हणाल्या, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. "उद्यापासून या." मी हो म्हणाले की नाही, हेही मला आठवत नाही.

मग नवऱ्याचं पहिलं नाव विचारलं. मी म्हटलं, "हेर खांबेटे." त्या म्हणाल्या, "ते मला ठाऊक आहे. पहिलं नाव?" आता काय करायचं? लग्नात उखाणा घेतला तोही मावशीने पाठीत गुद्दा घातल्यावर. परक्या बाईसमोर नुसतं नाव कसं घ्यायचं? शेवटी दारावर सगळ्यांच्या नावांची पट्टी होती, तिच्यातल्या ह्यांच्या नावाकडे मी बोट दाखवलं. फ्राऊ डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याचं नाव विसरलेली बाई गणित काय करणार, असंच त्यांच्या मनात आलं असणार.

ह्या वहीतही मी ते कधी लिहिलेलं नाही. वाचणारं कुणी नाही हे ठाऊक असून हात धजत नाही.

हे म्हणाले, "बरं झालं, तुझा वेळ जाईल."

गुरुवार १८ सप्टेंबर

काम काय आहे ते आज नीट समजलं.

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात हजारो लघुग्रह सूर्याभोवती फिरतात. ह्यांचा प्रबंध त्यांतल्या एकावर आहे. त्याला अजून क्रमांक नाही, नाव नाही. इथले जुने निरीक्षक हेर आमोन यांनी तो १९३८ मध्ये फोटोच्या काचेवर पकडला आणि १९४३ मध्ये पुन्हा एकदा. मग लढाईच्या धामधुमीत कोण बघतंय दगडाकडे! तेव्हापासून तो हरवलेला आहे. साडेचार वर्षं पुरी व्हायच्या आत तो एक फेरी मारतो एवढं माहीत आहे, पण तेवढ्याने भागत नाही, कारण गुरू त्याला येता-जाता ओढत असतो. दर चाळीस दिवसांच्या टप्प्याला ती ओढ किती आणि कुठल्या बाजूला, हे काढत काढत १९४३ पासून येत्या एप्रिलपर्यंत यायचं. मग डोंगरावरचे वेधशाळावाले त्या जागेवर दुर्बीण रोखतील.

सापडला तर त्याचा उजेड मोजून तो केवढा आहे, गोल आहे की वाकडातिकडा, स्वतःभोवती किती तासांत फिरतो, हे सगळं काढता येईल आणि ह्यांना डॉक्टरेट मिळेल. नाही सापडला तर उन्हाळ्यात शिष्यवृत्ती संपेल आणि आम्ही हात हलवत पुण्याला परत.

मी त्या लघुग्रहाला भाऊजी म्हणते. स्वतःच्या धाकट्या भावाची चौकशी हे महिन्यातून एकदा करतात आणि ह्याची रोज.

इथली पद्धत मात्र विलक्षण आहे. एकच गणित दोघांनी दोन खोल्यांत बसून करायचं. एकमेकांना विचारायचं नाही, दाखवायचं नाही. शुक्रवारी फ्राऊ डॉक्टर दोघांचे कागद शेजारी-शेजारी ठेवतात. जुळले तर पुढचा टप्पा, नाही जुळले तर दोघांनी पुन्हा. लिहायचं शाईने, आणि खोडायचं नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. फ्राऊ डॉक्टर म्हणाल्या, "चूक दिसलीच नाही तर मी तपासू काय?"

हे दुसऱ्या मजल्यावर बसतात, मी तळमजल्यावर. घरी आमची एकच खोली आहे, पण तिच्याबद्दल नियमात काही नाही.

शुक्रवार ३ ऑक्टोबर

कागद जुळले नाहीत. दोघांनी पुन्हा केलं. माझं बरोबर निघालं.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? वाटलं, हेही म्हणतील, वा! हे म्हणाले, "बेरजेतली फालतू चूक होती." पोळी एकच खाल्ली.

शुक्रवार १७ ऑक्टोबर

पुन्हा तेच, आणि पुन्हा माझंच बरोबर. देवा, एकदा तरी माझं चुकू दे.

शुक्रवार ३१ ऑक्टोबर

आज नेमके ह्यांचे मार्गदर्शक प्रोफेसर खोलीत आले होते. फ्राऊ डॉक्टर कागद ठेवून म्हणाल्या, "फ्राऊ खांबेटे बरोबर, हेर खांबेटे चूक." त्यांच्या बोलण्यात काही नव्हतं, हवामान सांगतात तसं सांगितलं. पण प्रोफेसर हसून म्हणाले, "काय मग, हेर खांबेटे, प्रबंध नक्की कुणाचा? तुमचा की तुमच्या पत्नीचा?"

सगळे हसले. हेही हसले. मीही हसले बहुतेक, मेली!

परतताना नेकार नदीच्या पुलावर हे माझ्या पुढे चालत होते. मी गाठायला पाय उचलला की हे आणखी भरभर चालत. घरी आल्यावर म्हणाले, भूक नाही. पुण्याला एम.एस्सी.त पहिले आलेले हे, बोटीवर चढताना सगळी गल्ली पोहोचवायला आली होती. आणि इथे बायकोवरून हसू!  नोकरी सोडावी का? पण सोडली तरी बोलतील, नवऱ्याने सोडायला लावली.

रविवार ९ नोव्हेंबर

हे हल्ली फार विसरभोळे झाले आहेत. कागद पिशवीत ठेवायचे तर टेबलावरच उघडे टाकतात. आज मी त्यांवर भाजी निवडणार होते, तेवढ्यात पाहिलं. नुसती घडी करून ठेवून दिले. नियम म्हणजे नियम.

गुरुवार १३ नोव्हेंबर

कागद परत टेबलावर. हे आंघोळीला गेले होते. मी बघणार नव्हते, पण डोळे काय मिटून घ्यायचे?

गुरूच्या ओढीच्या एका रकान्यात माझं चिन्ह उणे आहे, ह्यांचं अधिक. म्हणजे माझ्या मते गुरू भाऊजींना मागे खेचतोय आणि ह्यांच्या मते पुढे. मी दुपारीच ते दोनदा तपासलं होतं, दोन्ही वेळा उणेच आलं. पण बहुतेक माझंच काहीतरी चुकत असणार. हे एम.एस्सी. आहेत, मी साधी बी.एस्सी. आणि समजा माझं बरोबर असलं तरी उद्या प्रोफेसर पुन्हा आले तर?

मी नवा कागद घेतला आणि सगळं ह्यांच्यासारखं उतरवलं. जुना फाडून शेगडीत टाकला. रेघ मारून दुरुस्त करता आलं असतं, पण मग रेघ दिसली असती.

मला हलकं वाटतंय. एका चिन्हाने काय होतं? संसार करायचा म्हणजे कुणीतरी वाकायचं असतं.

शुक्रवार १४ नोव्हेंबर

जुळले! फ्राऊ डॉक्टर म्हणाल्या, "गेनाऊ." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा कागदांकडे. संध्याकाळी माझ्यासाठी चॉकलेटचा डबा आणला. लग्नानंतर पहिल्यांदा न मागता काहीतरी आलं. मी एवढी हबकले की आभार मानायचेच राहिले.

शुक्रवार १२ डिसेंबर

कागद जुळताहेत. हे इतके छान वागतात, की मला आधीचे दिवस आठवले की नवल वाटतं. परवा शिट्टी वाजवत बटाटे सोलून दिले! कागद मात्र दर गुरुवारी टेबलावर विसरतात. इतर दिवशी नाही, गुरुवारीच. मी एकदा म्हटलं, "अहो, पिशवीत ठेवत जा ना." तर म्हणाले, "हो, हो," आणि पुढच्या गुरुवारी परत तेच.

मी आता आधी गणित करतच नाही. वेळ वाचतो.

शुक्रवार २० मार्च १९५९

संपलं. एप्रिलमध्ये भाऊजी आभाळात कुठे असतील ती जागा आज आम्ही दिली. फ्राऊ डॉक्टरांनी दोघांशी हस्तांदोलन केलं.

न्युरेम्बर्गहून हेर आमोन यांचा फोन आला होता. निवृत्त झाल्यापासून ते मुलीकडे असतात. त्यांनी म्हणे विचारलं, "काही लागलं का?" फ्राऊ डॉक्टर म्हणाल्या, एप्रिलची अमावास्या येऊ द्या. नियम असा, की सापडून कक्षा पक्की झाली तर क्रमांक मिळतो, आणि मग पहिल्यांदा पाहणाऱ्या माणसाने नाव सुचवायचं. वीस वर्षं त्यांनी नाव मनात धरलंय. कुणी विचारलं तर सांगत नाहीत, आधी सापडू दे म्हणतात. आपल्याकडेही बारशाआधी नाव फोडत नाहीत. मला एकदम ते आपल्या ओळखीतले वाटले.

शनिवार ११ एप्रिल

काहीच नाही.

आभाळ स्वच्छ होतं, चंद्र नव्हता, काचा उत्तम निघाल्या. हे आणि फ्राऊ डॉक्टर सकाळपासून भिंगाखाली काचा फिरवत बसले होते. इतर दोन ओळखीचे लघुग्रह दिसले, आपापल्या जागी. आमच्या जागी नुसते तारे. मला आधी कळेचना काय झालंय ते. मी विचारलं, "अहो, नीट बघितलंत ना?" तर हे माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागले की मी तिथून निघाले.

एका चिन्हाने काय होतं, असं मी लिहिलं होतं. मागचं पान उलटून पाहिलं. 

पण ते तेवढ्याने नसेल. नक्की नसेल.

शनिवार १८ एप्रिल

आजूबाजूच्याही काचा घेऊन झाल्या. नाही म्हणजे नाही.

प्रोफेसरांनी बैठक घेतली. म्हणाले, गणित दोघांनी स्वतंत्रपणे केलेलं, प्रत्येक शुक्रवारी जुळलेलं, तेव्हा त्यात चूक शक्य नाही. मग उरलं काय? हेर आमोन यांचा १९४३ चा वेध. लढाईचे दिवस, काचा निकृष्ट, माणूस थकलेला. काचेवरच्या डागाला ते लघुग्रह समजले असणार. तशी सूचना संस्थेच्या पत्रकात छापायची, म्हणजे पुढे कुणी वेळ घालवणार नाही. मजकूर चार मे, सोमवारी छापायला जाईल.

फ्राऊ डॉक्टर म्हणाल्या, "हेर आमोन डाग कधी धरत नसत." प्रोफेसर म्हणाले, "माणूस आहे. चुकला असेल."

हे मान खाली घालून बसले होते. आणि मी? मी इतिवृत्त लिहीत होते. "हेर आमोन यांची चूक" हे शब्द माझ्याच हाताने लिहिले, वळणदार अक्षरात.

मंगळवार २८ एप्रिल

आजचं सगळं क्रमाने लिहिते.

दुपारी दारावर टकटक झाली. बाहेर एक म्हातारे गृहस्थ, हातात हॅट आणि न्युरेम्बर्गच्या केकचा पत्र्याचा डबा. म्हणाले, "आमोन. मी आत येऊ का?"

आमच्या खोलीत खुर्च्या दोनच. मी पलंगावर बसले. हे नेमके घरी होते, एकदम उभे राहिले ते उभेच. मी चहा केला, पोहे केले. म्हाताऱ्याने पोहे चमच्याने अगदी कण न सांडता खाल्ले आणि म्हणाले, "छान. ह्यात हळद आहे, ना?" मग डबा पुढे सरकवला. हा केक नाताळात खातात, पण हा तेव्हाचा उरलेला नाही, म्हणाले, आमच्याकडे हा वर्षभर मिळतो.

मला वाटलं, भांडायला आलेत. माझा वेध खोटा कसा म्हणता, असं विचारतील. मी मनातून तयार होते.

तर ते उठले, ह्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हेर खांबेटे, मी तुमची क्षमा मागायला आलो. तुम्ही एवढ्या लांबून आलात. माझ्या एका डागापायी तुमच्या उमेदीची दोन वर्षं फुकट गेली. मला खात्री होती. अजूनही डोळे मिटले की तो ठिपका दिसतो. पण आकडे खोटं बोलत नाहीत, आणि तुमचे तर दोघांचे जुळले. मी प्रोफेसरांना सांगून आलो, छापा म्हणून."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचीही, फ्राऊ खांबेटे."

 मोठ्या माणसाने आपल्यापुढे मान झुकवावी, आणि ती आपल्याच पापासाठी! आमच्याकडे असल्या माणसाच्या पाया पडतात. मला पाय धरावेसे वाटले, पण तेही जमेना. ह्यांनी काय करावं? ह्यांनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "असू द्या. चुका होतात."

चुका होतात!

जाताना जिन्यात मी विचारलं, तुम्ही नाव काय ठरवलं होतं? ते हसले. म्हणाले, "आता ते कशाला?"

बुधवार २९ एप्रिल

आज सकाळी सांगून टाकलं. हे बूट घालत होते.

"अहो, नोव्हेंबरपासूनचं गणित चुकलंय. गुरूच्या रकान्यातलं चिन्ह उलटं आहे. माझं उणे आलं होतं. मी ते तुमच्यासारखं केलं."

मला वाटलं, ओरडतील. त्यांनी नाडी बांधली, नीट गाठ मारली. मग म्हणाले, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तू उतरवलंस ते. कागद जुळले त्या पहिल्याच शुक्रवारी एका ओळीत शेवटचा आकडा मी घाईत चुकवला होता. तुझ्याही कागदावर तस्साच होता. दोन माणसांच्या हातून तीच घाई होत नाही, मालिनी."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"तुझं चिन्ह वेगळं आलं होतं हे मला कुठे ठाऊक होतं? मला वाटलं, तू माझं बघितलंस, पटलं, आणि घेतलंस."

"आणि कागद? दर गुरुवारी टेबलावर?"

हे खाली वाकले. दुसरा बूट.

मी म्हटलं, "चला, आत्ताच्या आत्ता फ्राऊ डॉक्टरांकडे जाऊ." तेव्हा ह्यांनी माझा हात धरला. इतक्या हळू आवाजात हे कधी बोलले नव्हते. म्हणाले, "ऐक. ते सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांचं आता काय बिघडणार आहे? त्यांनी तर मान्यही केलंय. आपलं सगळं पुढे आहे. मी दुसरा विषय मागून घेईन. तू फक्त बोलू नकोस."

ह्या माणसासाठी मी चिन्ह बदललं. ह्या माणसाने पोटभर जेवावं म्हणून. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. नुसतं सुन्न झालं, आणि अजूनही तसंच आहे. ह्यांना मी सहा वर्षं ओळखते, असं मला काल संध्याकाळपर्यंत वाटत होतं.

टेबलावर केकचा डबा आहे. कुणीच उघडला नाही.

गुरुवार ३० एप्रिल

मी एकटी गेले. हे खोलीवरच होते, थांबवलं नाही, पण दारही उघडून दिलं नाही.

फ्राऊ डॉक्टरांना सगळं सांगितलं. जर्मन फार चुकलं असेल, क्रियापदं कुठेच्या कुठे गेली. त्या उठल्या. कपाटातून नोव्हेंबरचे कागद काढून पुढ्यात ठेवले.

"कुणाचा कागद मूळचा चूक आहे?"

मी म्हटलं, "हेर खांबेटे यांचा."

"नोंद करायची आहे. नोंदीत हेर-फ्राऊ लिहीत नाहीत, इथे दोन खांबेटे आहेत आणि दोघांचे आकडेही सारखे. पहिलं नाव सांगा."

मी दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं, पट्टी पलीकडे वळलेली.

मी नाव घेतलं. तोंडाने, मोठ्याने, परक्या बाईसमोर. आणि तेही कशासाठी, तर चूक त्यांची आहे हे सांगायला. उखाण्यात घेतलं तेव्हा मावशीचा गुद्दा लागला होता, आज लागला नाही. ह्याचंच मला जास्त नवल वाटलं. लगेच पुढे म्हटलं, "आणि मालिनी. तिने फाडून नवा लिहिला."

फ्राऊ डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "नोव्हेंबरपासून एकदाही फरक नाही. मला संशय यायला हवा होता. मी समजले, नवराबायकोचं सूत जमलं. म्हणजे मीही चुकले." मग मला टाक दिला. सगळ्या कागदांवर, एकेका चिन्हावर, मी एकच रेघ मारली आणि वर बरोबर चिन्ह लिहिलं. त्या शेजारी उभ्या होत्या. पत्रकातली सूचना त्यांनी माझ्यासमोर थांबवली.

सांगायला सोपं नव्हतं आणि सांगून बरंही वाटलं नाही. फक्त झालं.

मंगळवार १९ मे

पुन्हा नोव्हेंबरच्या टप्प्यापासून गणित. सकाळी सगळ्यांत आधी येते ती मी, संध्याकाळी शेवटी जाते ती मी. आता दुसऱ्या मजल्यावर फ्रॉइलाइन केसलर म्हणून एक मुलगी बसते. तिचा माझा शुक्रवारी फरक येतो, कधी तिचं चूक, कधी माझं. कुणी हसत नाही.

ह्यांचं काय करायचं ते प्रोफेसरांनी पुढे ढकललंय. हे तीन आठवडे माझ्याशी बोललेले नाहीत. स्वतःचा चहा स्वतः करतात, कपही विसळतात. घरात पावलं वाजली तरी मी दचकते.

शनिवार ६ जून

सापडला!

डोळ्यांनी पाहिलं तरी विश्वास बसेना. मी केसलरला दोनदा विचारलं, हाच ना? जुन्या चुकीच्या हिशेबाने तो आज जिथे असायला हवा होता, तिथून पाहिलं तर हात लांब करून मूठ धरावी एवढा बाजूला. एवढा लांब! त्या उणे-अधिकाने त्याला आभाळातून एवढं ढकललं होतं, आणि तो बिचारा आपल्या वाटेने मुकाट जात होता. नव्या हिशेबाने काढलेल्या जागेला मात्र अगदी खेटून आहे.

आणि तो गोल नाही. एकापाठोपाठ घेतलेल्या काचांवर ठिपका उजळतो, मंद होतो, पुन्हा उजळतो. फ्राऊ डॉक्टर म्हणाल्या, लांबट असणार, बटाट्यासारखा. लांब बाजू समोर आली की उजळ, टोक समोर आलं की मंद. लांबी अंदाजे पुणे ते सिंहगड. भाऊजी, तुम्ही असे आहात होय!

मी म्हटलं, हेर आमोन यांना लगेच कळवा. फ्राऊ डॉक्टरांनी शिपायाला पाठवून ह्यांना बोलावलं. हे आले. त्यांनी ह्यांच्या हातात फोन दिला आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगा. हेर आमोन तुमची क्षमा मागायला एवढ्या लांब आले होते." आणि आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर काढलं.

दार काचेचं होतं. हे भिंतीकडे तोंड करून उभे होते.  मग ऐकू आलं, "नाही, हेर आमोन. तुमचा ठिपका बरोबर होता. चूक माझी होती. मला आधीच कळलं होतं आणि मी गप्प बसलो." शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, केसलर बावरून रुमाल शोधायला लागली.

परतताना पुलावर हे पुढे चालले नाहीत. मध्यावर थांबून म्हणाले, "फ्राऊ डॉक्टर सांगत होत्या, तू माझं नाव घेतलंस."

"घेतलं."

"चूक सांगायला."

"हो."

कठड्यावर हात ठेवून म्हणाले, "प्रोफेसर आणखी एक वर्ष देताहेत. पुन्हा दोन खोल्या, तू आणि मी. फ्राऊ डॉक्टरांची अट आहे. म्हणाल्या, दुसऱ्या कुणाबरोबर तुम्ही जपून वागालच, खरी परीक्षा इथेच." मग माझ्याकडे वळून, "माझं चुकलं तर बदलू नकोस."

मी म्हटलं, "आणि तुम्ही कागद पिशवीत ठेवा."

हे चालायला लागले. मला वाटलं, झालं, आता परत अबोला. पण नाही. घरी आल्यावर त्यांनी केकचा डबा उघडला. केक दगडासारखा झाला होता, तरी आम्ही तो चहात बुडवून खाल्ला.

हेर आमोन यांनी फोनवर नाव सांगितलं का, असं मी विचारलं. नाही म्हणाले, क्रमांक मिळू दे मग सांगतो म्हणाले. वीस वर्षं थांबलेत, अजून थांबतील.

मी कशाला थांबू? शाईने लिहिते आहे, चुकलं तरी एकच रेघ मारता येईल. माझ्या नवऱ्याचं नाव दिनकर.